सासू टांग्यातून जाते तो भाग

आमच्या घरात सध्या माझी बदनामी चालू आहे. ही बाई तीच ती जुनी मालिका पुन्हा पुन्हा पाहते, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मुलगी म्हणते, "आई, पुढे काय होणार ते तुला पाठ आहे. मग तोंड उघडं टाकून काय बघतेस?" मी उत्तर देत नाही. ज्या माणसाने क्रिकेटचा एकच सामना सात वेळा पाहिलाय आणि सातही वेळा त्याच झेलाला जो खुर्चीतून उठलाय, त्याच्या घरात उत्तरं द्यायची नसतात.

पण खरं सांगायचं तर पुन्हा पाहण्याची विद्या मी टीव्हीसमोर शिकलेच नाही. ती मी जळगावजवळच्या असोद्याला, माझ्या आत्याच्या ओट्यावर शिकले, आणि तिथे टीव्ही नव्हता.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं. मी जळगावात कॉलेजला होते. आमच्याकडे लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा टीव्ही होता. आत्याला सगळे अक्का म्हणायचे, मीही. तिच्या घरी केळीचा मळा होता, दोन म्हशी होत्या आणि नुकताच घेतलेला ट्रॅक्टर होता. टीव्हीचा विषय निघाला की तिचे यजमान म्हणायचे, "टीव्हीनं नांगरटी होत असंल तर आणतो." समोरच्या घरी टीव्ही होता, पण त्या घराशी अक्काचं नळावरून वाजलेलं होतं. त्या उंबऱ्यावर पाय ठेवण्यापेक्षा तिने मालिका सोडली असती. सोडली मात्र नाही. तिने मला धरलं.

रविवारी सकाळी हिंदी मालिका लागायची. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातलं व्यापाऱ्याचं मोठं घर, करारी सासू, तीन मुलं, तीन सुना. ती पाहून, जेवून मी दुपारच्या गाडीने असोद्याला जायचे. निमित्त तुपाचं आणि भाजीचं. खरं काम ओट्यावर. अक्का आणि गल्लीतल्या सहा-सात बाया आधीच येऊन बसलेल्या असायच्या. कुणी तूर निवडतेय, कुणी गोधडीला टाके घालतेय. मी ओढणी डोक्यावरून घेतली की सासू. खांद्यावर टाकली की मधली सून. गळ्याभोवती गुंडाळली की मोठा मुलगा, तो खोकायचा फार. अर्ध्या तासाची मालिका मी सव्वा तास करायचे. बाया हिंदीला घाबरायच्या, म्हणून सगळं घर आमच्याच बोलीत भांडायचं.

आणि बाया जुने प्रसंग पुन्हा मागायच्या. मला वाटायचं, रडारडीचे मागतील. नाही. सासूला वैद्याने गोड बंद केलेलं असतं, ती डब्यातला लाडू चोरून पदराखाली धरते, तेवढ्यात धाकटी सून येते, बघते, आणि काही विसरल्यासारखं करून मागे फिरते. एवढंच. हा लाडू मी किती रविवारी चोरला, मोजदाद नाही. "ते लाडूचं कर वो परत," अशी फर्माईश यायचीच. एकदा कंटाळून मी सासूला दोन लाडू घ्यायला लावले, तर गोधडीवालीने मला थांबवलं. "एकच व्हता." पुढे काय होणार हे तिला माहीत होतं. तिला ते नीट होताना पाहायचं होतं. मालिका पुन्हा पाहण्याजोगी कशाने होते, हे यापेक्षा चांगलं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता अक्काच्या घरातली गोष्ट सांगते, कारण त्या उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत शिरल्या.

अक्काची सून साक्रीकडची. तिकडची बोली वेगळी, तिच्या तोंडी सारखं 'आहे'ला 'शे', 'सगळं'ला 'बठ्ठं', 'आली'ला 'उनी' यायचं, आणि अक्का तिची नक्कल करायची. तेवढं सून हसून सोडायची. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पाहुणे जेवायला आलेले असताना अक्का पंगतीत तिच्या भरिताला म्हणाली, "भरीत आहे का भिंतीले लावायचा गिलावा?" पाहुणे हसले. सून हसली नाही. आखाजीला लेकी माहेरी जातात तशी ती गेली, आणि आखाजी होऊन दीड महिना झाला तरी परत आली नाही.

आमच्याकडची रीत अशी की सुनेला आणायला नवरा जातो, नाहीतर दीर जातो. अक्काचा मुलगा गेला आणि एकटाच परत आला. सुनेने निरोप दिला होता, जे बोलले त्यांनी यावं.

"सासू कधी गेली का वो सुनेच्या दारी मुऱ्हाळी होऊन?" अक्का मला म्हणाली. "लोक काय म्हणतीन?" मुलगा बिचारा ट्रॅक्टरखाली शिरून नसलेले बिघाड दुरुस्त करत बसायचा. अक्का त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवायची आणि शेजारी रिकामी लाकडी घडवंची दिसली की दुसरीकडे बघायची. सुनेची बसायची जागा होती ती.

नेमकी त्याच दिवसांत मालिकेतली धाकटी सून रुसून बापाच्या घरी गेली. झालं. दर रविवारी मी गाडीतून उतरायच्या आत अक्का फाटकाशी.

"आली का वो ती?"

"नाही अजून."

"सासू काय म्हनून राह्यली?"

"काही नाही. खिडकीत बसते."

"खिडकीत बसून काय व्हतं," अक्का म्हणायची आणि स्वतः ओट्याच्या कठड्याशी, रस्ता दिसेल अशी बसायची.

मग तो रविवार आला. पुढच्या भागात निकाल लागणार, असं मी आदल्या आठवड्यात छाती ठोकून सांगून आले होते. टीव्ही लावला. सासू कपाट उघडते, चांगलं लुगडं काढते, आणि आमच्या अख्ख्या कॉलनीची लाईट गेली. ती आली तेव्हा पडद्यावर शेतकऱ्यांना फवारणी कशी करावी ते सांगत होते. गाडीची वेळ झाली होती. विचारणार कुणाला, सगळ्यांचीच गेली होती.

मी खरं सांगायला हवं होतं. पण ओट्यावर त्या दिवशी सात नव्हे, अकरा बाया होत्या. कलावंताला अकरा प्रेक्षक दिसले की त्याच्या प्रामाणिकपणाचं काय होतं, ते मी नव्याने सांगायला नको. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि लुगड्यापर्यंतचं खरं सांगितलं. पुढे रस्ता संपला. म्हणून सासूला टांग्यात बसवलं. टांगा बराच वेळ चालवला, घोडा अडवला, चाक काढलं, चाक बसवलं. शेवटी सुनेचं दार आलंच. आता सासू काय बोलणार, हे मलाच माहीत नव्हतं. बोलून बोलून घसा इतका कोरडा पडला होता की मी म्हटलं, "अक्का, पाणी दे." आणि मला तेच वाक्य सापडलं. पाणी पिऊन मी सांगितलं, की सासू दारात, पायरीवरच बसली. आत गेली नाही, माफी मागितली नाही. म्हणाली, तहान लागलीय, सुनेच्या हातचं पाणी पाहिजे. सुनेने पाणी दिलं. आणि आली.

 गोधडीवालीने नाक पुसलं. अक्काने फक्त विचारलं, "माफी नाही मांगली?"

"नाही."

"नुसतं पानी?"

"नुसतं पाणी."

सोमवारी कॉलेजात मैत्रीण भेटली. तिच्या भागात लाईट गेली नव्हती. म्हणाली, काय रडले गं काल. सासू लुगडं काढते, नेसते, दारापर्यंत जाते आणि परत फिरते. तिकडून माळी येतो, सुनेने तिच्या खोलीची किल्ली पाठवून दिलेली असते. सासू ती खिळ्याला अडकवते. सून कायमची गेली.

मला तेव्हा फक्त माझ्या अब्रूची काळजी पडली. समोरच्या टीव्हीवाल्या घरातून खरी गोष्ट ओट्यावर पोहोचली तर माझी गादी गेली. रविवारी काय थाप मारावी याची मी तयारी सुरू केली. बुधवारी अक्काचा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. ट्रॅक्टर सोडून तो जळगावात कधी यायचा नाही.

"आई सकाळच्या गाडीनं साक्रीले गेली," तो म्हणाला. "एकटी. केळीची फणी घेतली, ज्वारीचे बिबडे घेतले आन गेली. म्या म्हटलं मी येतो, तर म्हने ती बी एकटीच गेली व्हती. ती कोन? तू काय सांगितलं तिले?"

 अक्का एकटी एरंडोलच्या पुढे कधी गेली नव्हती, तेही पद्मालयाच्या गणपतीला, मोजून दोनदा. आता ती धुळ्याला गाडी बदलून साक्रीला जाणार, लोकांच्या पायरीवर बसणार, माझ्या कोरड्या घशातून निघालेलं वाक्य बोलणार. आणि तिथून किल्ली मिळाली तर? मुलाचा संसार तर मोडेलच, पण आयुष्यात एकदा मान खाली घालायला निघालेली बाई, ती माझ्या भरवशावर निघालेली. मी आतेभावाला सगळं खरं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाक कशाले काढलं टांग्याचं?" म्हणजे गोष्ट त्याच्याही कानावर गेलेली होती.

गुरुवारी दुपारपासून आम्ही दोघं जळगावच्या स्टँडवर. धुळ्याची एक गाडी आली, दुसरी आली. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्यांत आम्ही अक्काचं हिरवं लुगडं शोधत होतो. तिसऱ्या गाडीतून अक्का उतरली, धुळीने पांढरी झालेली. तिने मागे वळून हात वर केला आणि एक पत्र्याची पेटी खाली घेतली. पेटीमागून सून.

"उभे काय राह्यले?" अक्का म्हणाली. "पेटी घ्या."

भावाने पेटी घेतली. तिथे काय झालं हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. असोद्याच्या गाडीत अक्काने आपण होऊन माझ्या कानाशी सांगितलं, "तू सांगितलं तसंच केलं. पायरीवर बसली. ते म्हने आत या, मी नाही गेली. पानी मांगितलं." मग जरा थांबून, "तिनं गूळ बी आनला."

सून खिडकीतून बाहेर पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

मी अक्काला खरं सांगितलं नाही. सून आली होती, आता कशाला? समोरच्या घराशी अबोला होताच, आणि भावानेही तोंड उघडलं नाही. ओट्यावर मी मालिकेतून गेलेल्या सुनेचे पुढचे भाग मनानेच जुळवत राहिले. तिला कामात गुंतवलं, दोनदा आजारी पाडलं, शेवटी नवऱ्याबरोबर परगावी पाठवून सुटले.

पुढे माझं लग्न झालं. नव्वदच्या दशकात असोद्यालाही रंगीत टीव्ही आला, नांगरटी न करताच. एका वर्षी आखाजी आटोपल्यावर मी तिथे गेले, तर अक्का म्हणाली, "दुपारी तुह्यावाली मालिका परत लावून राह्यले. आज सासू जाते तो भाग. बस."

मी म्हटलं, "जुनं काय बघायचं, अक्का, चल मळ्यात जाऊ."

"इतक्या उन्हात?"

बसले. सासूने कपाट उघडलं, लुगडं काढलं, नेसली, दारापर्यंत गेली. अक्का पुढे वाकली. सासू मागे फिरली. माळी आला. किल्ली खिळ्याला लागली. शेवटचं संगीत सुरू झालं तरी अक्का टांग्याची वाट पाहत होती.

मग तिने हळूहळू माझ्याकडे मान वळवली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधू लागले.

"लाईट गेली होती, अक्का," मी म्हटलं.

ती काही बोलायच्या आत दारात उभी असलेली सून म्हणाली, "मी तव्हयच देखेल व्हतं बठ्ठं. साक्रीले लाईट व्हती."

अक्काला ते समजायला वेळ लागला. "म्हंजे मी तुह्या दारी आली, ती सासू बी आली व्हती असं म्हनत बसली पायरीवर, तवा तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोलली नाही? आन आली कशाले माह्यासंगं?"

सून पदराला हात पुसत होती. "टीव्हीवाली उनी नही," ती म्हणाली. "तुम्ही उनात."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.  मग अक्का घडवंचीवर एका बाजूला सरकली, जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "बस. अजून दुसरा भाग लावतात लगेच."

सून बसली. अक्काने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तू चहा ठेव."