शिट्टीवालं रेव्ह

हा किस्सा मी शक्यतो बायको समोर नसताना सांगतो. ती असली की शेवट मधेच सांगून टाकते, मग माझ्याकडे उरतं काय? आज ती शाळेच्या मीटिंगला गेलीय. तेव्हा चहा घ्या आणि ऐका, माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो ते.

देवरीच्या बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. सिनेमाची गाणी, भीमगीतं, भजनं, हायवेवरच्या ट्रकवाल्यांसाठी बेवफाईची गाणी, सगळं ठेवायचो. धंदा बरा चालायचा. पण दुकानदाराला जाणकार कोण म्हणतं? गाणं मागायचं, कॅसेट घ्यायची, चालले.

मला जाणकार केलं माझ्या मामेभावानं. प्रवीण त्याचं नाव. पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. सुट्टीत आला तो एक कॅसेट घेऊन. वर ना नाव, ना फोटो.

"हे काय होय?"

"रेव्ह म्युझिक. तिकडे इंग्लंडात पोट्टे मैदानात गोळा होऊन याच्यावर नाचतेत. जुनं आहे, एकदम क्लासिक. कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर टेप ठेवून तुझ्यासाठी भरून आणलं."

"गाणारा कोण?"

"कोणीच नाही."

"मंग बोल?"

"बोल नसतेतच याच्यात. तू ऐक तर खरा!"

ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, बाजूच्या पीठगिरणीचा पट्टा सरकला. दुसऱ्यांदा डोकं दुखलं. तिसऱ्यांदा मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि भर दुपारी एकटाच नाचलो!

कसं सांगू तुम्हाला? आधी नुसता ठोका. धप धप धप धप. मग त्यावर एक सूर चढायला लागतो. घाटात भरलेला ट्रक चढतो ना, तसा. चढतो, चढतो, आणि ऐन माथ्यावर सगळं थांबतं. ठोका बंद. मागे एक बारीक सूर तेवढा तरंगत राहतो. आणि त्या शांततेत आधी सूं सूं, आणि मग शिट्टी! थांबा. दुसरी शिट्टी. अजून थांबा, घाई नाही करायची. तिसरी शिट्टी! आणि धडाड! ठोका परत!

त्या तीन शिट्ट्यांनी मला पार कामातून घालवलं.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काही खरं राहिलं नाही. बिचारा लग्नाची गाणी मागायला यायचा, मी त्याला स्टूलवर बसवायचो. "नवीन माणसानं ठोक्याकडे लक्ष द्यायचं नाही," मी समजावायचो. "ठोका कोणीही वाजवतो. शिट्टीची वाट बघायची. रेव्ह म्हणजे वाट बघणं!" हे वाक्य माझं स्वतःचं बरं का. कुठून सुचलं देव जाणे.

लोकांना पटायला लागलं. कॅसेटी भरून द्यायला लागलो. एक रायपूरचा ट्रकवाला तर दोन घेऊन गेला. परतीच्या फेरीत थांबून म्हणाला, "भाईसाब, गाना एक नंबर है. नींद बिलकुल नहीं आती. बस, भूख बहुत लगती है."

"गहरा संगीत है," मी म्हटलं. "शरीर पे असर करता है."

अशी पाच-सहा वर्षं गेली. माझं लग्न ठरलं. आमगावची सुजाता, शाळेत शिक्षिका. फोनवर बोलायला घरच्यांची परवानगी मिळाली. दुसरा कोणी असता तर चार गोड गोष्टी बोलला असता. मी काय बोललो? रेव्ह! ठोका, चढाई, शांतता, सगळं. ती बराच वेळ ऐकत होती.

मग म्हणाली, "शिट्टी कोण वाजवते?"

"कलाकार."

"कोणता?"

"तिकडचाच आहे. इंग्लंडचा."

ती नुसतं "अस्सं" म्हणाली. मला वाटलं, भारावली.

आता असा जाणकार माणूस स्वतःच्या वरातीत सिनेमाची गाणी वाजू देईल का? मी गोंदियाला धुमालवाल्याकडे गेलो. आमच्याकडे वरातीला धुमाल लागतो. गाडीवर ढोल, ताशे, कीबोर्ड आणि माणसाच्या उंचीचे भोंगे. मालक बबलू मास्टर. त्यानं कॅसेट ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बोल किधर है?"

"बोल नहीं है."

"तो पब्लिक क्या गाएगी?"

"पब्लिक रुकेगी. सीटी का इंतजार करेगी."

मास्टरनं माझ्याकडे नीट बघितलं. नवरदेव आहे, चालायचंच, असा तो चेहरा होता. त्यानं एका माणसाला पोलिसाची शिट्टी दिली. मी म्हटलं, अशी नको. तोंडानं वाजवून बघितली. तीही नको. "पहले सूं सूं, फिर जोर से! जैसे अंदर कुछ भरा हुआ है!" मी हातवारे करून शिकवत होतो. शेवटी कीबोर्डवाल्यानं कुठली तरी बटणं दाबून हुबेहूब तीच शिट्टी काढली. मी त्याला मिठीच मारली. दोस्तांनाही सांगून ठेवलं, तिसऱ्या शिट्टीपर्यंत कोणी हलायचं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारची वरात, मे महिन्याचं ऊन. पांढऱ्या कपड्यांत मी सजवलेल्या जीपमध्ये. मंडप समोर दिसायला लागला आणि मी मास्टरला खूण केली.

धप धप धप धप. सूर चढला. पोरं तापली. आणि सगळं थांबलं! अख्खी वरात रस्त्यात पुतळ्यासारखी उभी. मंडपातले लोक काय झालं म्हणून बाहेर आले.

पहिली शिट्टी.

कोणी हललं नाही. माझ्या अंगावर काटा.

दुसरी शिट्टी. मुलीकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक म्हातारी ओरडली, "अवं, सयपाकाकडे पाहा ना कोणी! कायले जाळून राहिल्या?"

तिसरी! आणि धडाड! काय उडाली पोरं! धुळीत मला माझीच जीप दिसेना.

धूळ बसली तेव्हा जीपसमोर प्रवीण उभा. पुण्याहून गोंदियाला उतरून तसाच आलेला, खांद्यावर बॅग. तोंड उघडं.

"हे काय वाजवून राहिले बे?"

"ओळखलं नाही? तुझंच! तू दिलेलं रेव्ह!"

"ते समजलं. शिट्ट्या काऊन मारून राहिले?"

"गाण्यात आहेत म्हणून."

"कोणत्या गाण्यात?"

"अरे, कॅसेटमध्ये! तीन शिट्ट्या! विसरला का?"

तो एकदम जीपच्या बॉनेटवर आडवा झाला. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी आणा म्हणून ओरडणार, तर हा हसतोय!

"अबे, तो आमचा कुकर होय!"

"काय?"

"एकच खोली होती ना! टेबलावर कॉम्प्युटर, बाजूले गॅस. तुरीची डाळ लावली होती. तिसऱ्या शिट्टीले मी गॅस बंद केला!"

आता सांगा, भर वरातीत, हार घातलेल्या नवरदेवानं अशा वेळी बघायचं कुठे?

मी प्रवीणला म्हटलं, गप बस, तुझ्या पाया पडतो. पण जीपच्या ड्रायव्हरनं ऐकलं होतं. तो उतरला आणि मास्टरच्या कानाला लागला. पुढच्या मिनिटाला भोंग्यातून आवाज आला, "पब्लिक की फर्माइश पे, एक बार फिर... तुअर दाल!"

परत वाजलं. आता तर मुलीकडचेही नाचले.

मंडपात बुद्धवंदना सुरू झाली. मी हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारी पांढऱ्या साडीत सुजाता खाली मान घालून बसलेली, आणि तिचे खांदे हलत होते. पोरीचं माहेर सुटतंय म्हणून तिच्या मावशीचे डोळे भरून आले. मावशीनं तिला रुमाल दिला. तो तोंडावर धरून सुजाता मला हळूच म्हणाली, "भात पण लावून टाकायचा होता."

संसाराची सुरुवात ही अशी.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही.

"तू घरी वाजवली त्या पहिल्याच दिवशी मले समजलं होतं. दोनदा तर मी उठून गॅस पाहून आली."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू लोकाईले एवढं समजावून सांगत होता ना. मले वाटलं, तिकडे कुकरवरच नाचत असतीन."

प्रवीणनं पुढे मूळ गाण्याची सीडी पाठवली. मी आणि सुजाता दुकानात बसून ऐकायला लागलो. ठोका आला, सूर चढला, सगळं थांबलं. मी कान टवकारले. शांतता. अजून शांतता. आणि मग सरळ धडाड! मधे काहीच नाही!

"कसं वाटलं?" सुजातानं विचारलं.

खोटं कशाला बोलू? अळणी वाटलं.

तरी म्हटलं, आता तरी खरा माल विकू. एका जुन्या गिऱ्हाइकाला, चिचगड रोडच्या टायरवाल्याला, मी ती नवी सीडी कौतुकानं दिली. दुसऱ्या दिवशी तो तणतणत परत आला आणि सीडी काउंटरवर आपटली.

"भाऊ, तुमच्याकडून ही उमेद नव्हती. डुप्लिकेट माल विकून राहिले?"

"अहो, हेच ओरिजिनल आहे!"

"मले शिकवता? शिट्ट्या कुठाय मंग? तुम्हीच म्हणत होते ना, शिट्टी नाही तर रेव्ह नाही?"

मीच म्हणत होतो. याच स्टूलवर बसवून म्हणत होतो. मी त्याची माफी मागितली, आणि मुकाट्यानं कुकरवाली भरून दिली.