पाठ फिरवून येणारी बोट

नागावच्या किनाऱ्यावर पाहुणे मला विचारतात, "काका, शिडाची बोट वाऱ्याच्या विरुद्ध जाते तरी कशी?" जाते. पण नाकासमोर नाही. सरळ वाऱ्यात घातली तर शीड नुसतं फडफडतं आणि बोट उभी राहते. म्हणून आधी एका बाजूला तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं. नेव्हीत याला टॅक म्हणतात. एवढं सांगून मी यशवंतचं सांगतो. ते ऐकल्याशिवाय कुणाला बोटीत पाय ठेवू देत नाही. चिडले तर चिडोत.

यशवंत आमच्या जहाजावरचा कुक, दिवसभर गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. तळा गावाकडचा, भातशेतीच्या घरातला. मी तेव्हा नेव्हीत पेटी ऑफिसर. शिडाच्या बोटीने मुंबईहून मुरुडपर्यंत सराव होता. सुकाणू माझ्याकडे, हुकूम लेफ्टनंट साहेबांचा. यशवंत हौसेने आला. म्हणाला, "गॅलीतनं दर्या कुठं दिसतोय? एकदा जवळून बगू द्या."

दुपारी वायव्येचा वारा पाठीमागून जोरात लागला. चहा ओतताना अडचण होते म्हणून यशवंतने लाइफ जॅकेट काढलं.

"जॅकेट घाल!" साहेब ओरडले.

"व्हय साहेब, एवढा कप..."

बोट कलली आणि तो पाण्यात गेला.

मी तरंगणारी लाइफ रिंग फेकली. त्याने धरली. बोट थांबवून वळवेपर्यंत वाऱ्याने आम्हांला लांब नेलं होतं. आता यशवंत नेमका वारा येत होता त्या दिशेला होता. बोटीला इंजिन नव्हतं.

साहेबांनी वायरलेस उचलला. "मॅन ओव्हरबोर्ड. ओव्हर."

"सेफ्टी बोट निघाली. वेळ लागेल. आउट."

पहिला टॅक किनाऱ्याच्या अंगाने मारला. अंतर कमी झालं. यशवंत हात हलवत होता. मग वळावंच लागलं. बोटीचं नाक फिरलं ते खोल समुद्राकडे. आमच्या हिशेबाने आम्ही त्याच्याकडेच निघालो होतो. त्याला दिसलं ते एवढंच, की बोट जवळ आली आणि पाठ फिरवून चालली.

वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. "सोडून जाऊ नका रं!"

"रिंग सोडू नको! येतोय!" आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही.

त्याने रिंग सोडली आणि आमच्या मागे पोहायला लागला.

पुढच्या टॅकला आम्ही बरोबर रिंगपाशी आलो. रिंग रिकामी होती. यशवंत सापडला तो नंतर, रेवदंड्याच्या बाजूला.

मी तळ्याला, त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुमी माघारी येत व्हता, ह्ये त्याला कळलं व्हतं का?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "न्हाय, आई."

"म्हंजे 'मला टाकून गेले', आसंच समजून गेला माझा बाबू."

आजही वायव्येचा वारा सुटला की मला अंगणात बसवत नाही. तोच आवाज येतो. भीती वाटते. पाहुण्यांना मात्र न चुकता बजावतो: पाण्यात पडलात आणि बोटीने पाठ फिरवली, तर रिंग सोडू नका. बोट तुमच्याकडेच येतेय.

तुझ्याकडेच येत होतो रे, यशवंत.