दोरीशिवायची उडी

"दोरी नाही याले, पाहा," म्हणत मिस्त्री मोबाईल थेट नाकासमोर धरायचे आणि बोटानं चित्र मागे सरकवून सिनेमातली तीच उडी पुन्हा दाखवायचे. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही सुटका नव्हती.

दिग्रसच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते, मी ऑफिसात कारकून. जेवणाच्या सुट्टीत ते थायलंडचे मारामारीचे सिनेमे पाहत, कुणी नावही न ऐकलेले. त्यातली भाषा त्यांना येत नव्हती.

"समजते काय तुम्हाले?" मी एकदा विचारलं.

"बोलणं नाही समजत. लागलेलं समजते," ते म्हणाले. "आपला हिरो दहा जणायले मारते अन् भांग नाही मोडत. हा एकाले मारते तं स्वतःच कण्हते."

सिनेमाच्या शेवटी शूटिंगमधले फसलेले प्रसंग दाखवत. कुणी छपरावरून चुकीचा पडे, कुणाला उचलून नेत. तेव्हा मिस्त्रींचा घास हातातच राहायचा. पडलेला माणूस उठून तीच उडी पुन्हा घेतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

एका उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं चालू असताना ते स्वतःच शिडीवरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी काठी टेकत आले, तेव्हा मालकांनी त्यांना फाटकाजवळ बसायचं काम दिलं. वर चढायला नवा फिटर आला होता.

मिस्त्री बसले, पण रोज दुपारी शिडीपाशी जाऊ लागले. आधी एकच पायरी. आठवड्यानं दोन. पाय लटपटायचे. आम्ही हसलो, हे कबूल करतो.

"कायले जिवावर उदार होता, मिस्त्री?" मी विचारलं.

"पडून खाली आलो न मी, बाबूजी. तसं नाही राहू द्यायचं."

दिवाळीनंतर कापूस येऊ लागला. एका दुपारी यंत्रं बंद असताना ते वंगणाचा डबा घेऊन निघाले. नव्या फिटरनं शिडी धरली. मिस्त्री पार वर गेले, बेअरिंगला वंगण दिलं आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. सदरा घामानं भिजला होता. डबा त्यांनी नव्या फिटरच्या हातात दिला.

"आता तू चढत जाय."

महिन्याभरात काम सोडून ते राळेगावला लेकीकडे गेले. दोन वर्षांनी तिथेच वारले.

नवा फिटर आजही वर चढतो. मी हातातलं काम ठेवून बाहेर येतो आणि शिडी धरून उभा राहतो.