न धुतलेली बाटली

बेटावरच्या प्लास्टिक-कचऱ्याच्या शेडमध्ये आत्या सतरा वर्षं काम करत होती. सगळं बेट तिला आत्याच म्हणायचं आणि तिला जरा टरकूनही असायचं. बोट आठवड्यातून एकदाच यायची आणि धुऊन, दाबून गठ्ठे बांधलेलंच प्लास्टिक पलीकडे न्यायची. त्यामुळे खरकटी बाटली दिसली की आत्या ती थेट मालकाच्या दारात नेऊन ठेवायची. "तुमच्या बाटलीत मुंग्यांनी संसार थाटलाय," असं गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

एकदा गठ्ठे बांधायचं नवं यंत्र आलं. उद्घाटनाला बेटाच्या समितीचे अध्यक्ष सपत्नीक आले, स्वच्छतेवर अर्धा तास बोलले आणि यंत्रात टाकायला त्यांनी ढिगातून एक बाटली उचलली.

"थांबा," आत्या म्हणाली. "ती धुतलेली नाही."

"मग ज्याची असेल त्याला परत करा की!" अध्यक्ष ऐटीत म्हणाले.

"केलीच की. तुमच्याच हातात आहे. केसांचा कलप आहे तो, तुमच्याच पिशवीतून आलेला."

लोक छत न्याहाळू लागले. अध्यक्षांची बायको मात्र खो खो हसत सुटली. "मी रोज सांगते, धुवा म्हणून! माझं कोण ऐकतंय?"

अध्यक्ष निमूटपणे नळापाशी बाटली धुवायला बसले. आत्याने त्यांना दोनदा परत पाठवलं, "बुडाशी अजून काळं आहे" म्हणून. तिसऱ्यांदा तिने मान डोलावली, तेव्हा कुठे यंत्र सुरू झालं.

भरसभेत माणसाची लाज काढली, याचं आत्याला घरी जाताना वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी एकही खरकटी बाटली आली नाही, तेव्हा ते वाईट वाटणं तिने आवरतं घेतलं.