साडूभाऊंचे तितर

नागपुरात बंदूकवाले पुष्कळ आहेत. पण ज्याच्या खांद्यावर बंदूक दिसली की तितरांना हायसं वाटावं असा माणूस एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे मी छाती पुढे काढून सांगतो. सासुरवाडीकडची बाकीची मंडळी मला छाती आत ओढायला लावतात, म्हणून ही एक संधी मी कधी सोडत नाही.

साडूभाऊ मूळचे उमरेडचे, हातमागाच्या घरातले. नागपुरात इतवारीमागच्या गल्लीत त्यांचा माग अजून खटखटतो. अंगानं काडी, मिशा मात्र दोन माणसांच्या. नेम असा की उडतं तितर त्यांच्या हातून सुटलेलं मी पाहिलेलं नाही. बार झाला की पहिल्यांदा ते खिन्न होतात, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या रश्शात खसखस किती घालायची ते सांगू लागतात. शिकारीच्या हंगामाचं सरकारी पत्रक त्यांच्या देवघरात, पंचांगाशेजारच्या खिळ्याला असतं. एकादशी मोडली तर देव सांभाळून घेतो, बंदीची तारीख मोडली तर नाही, असं त्यांचं मत. बंदीच्या महिन्यांत बंदूक गोधडीत गुंडाळून माळ्यावर जाते आणि घरात तिचं नावही निघत नाही. एकदा सख्ख्या भाच्याच्या लग्नात, ऐन बंदीत, पंगतीला तितराचा रस्सा आला. साडूभाऊंनी वाटी नाकाशी नेली, वास ओळखला, वाटी पुढे सरकवली आणि वाढप्याला अगदी मायेनं विचारलं, "काहून गा, याची पिल्लं आता कोण पाहून राहिलं?" त्या रांगेतली चाळीस माणसं वरणभात खाऊन उठली. भाचा अजून मामाच्या समोर येत नाही.

छप्पन साली नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, तेव्हा जुनं पत्रक चालणार की नवं निघणार याचा घोळ झाला. बाकीच्या शिकाऱ्यांनी घोळ म्हणजे मोकळीक असं धरलं. साडूभाऊंनी नव्याची वाट पाहिली आणि मग दोन्ही पाळली. दोन्हींत ज्या दिवशी परवानगी, त्याच दिवशी बंदूक खाली आली. "राज्य बदललं हे तितराईले कोणी सांगतलं काय?" एवढाच त्यांचा खुलासा.

पण किती पक्षी मारायचे हा परवान्यावरचा आकडा मात्र ते मानत नसत. त्यांचा स्वतःचा कायदा होता. दिवाळी झाली की अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं ते भिवापूरला जात आणि गावाबाहेरच्या माळावर पहाटे फतकल मारून बसत. उजाडताना तितराचे नर एकेक करून बोलू लागतात, "कतीतर, कतीतर," आणि दुसरा कुठून तरी उत्तर देतो. प्रत्येक नव्या आवाजाला साडूभाऊ मागावरून आणलेल्या धाग्याला एक गाठ मारत. सूत मोजण्यात जन्म गेलेला माणूस. कोणता आवाज नवा आणि कोणता तोच, यात त्यांची चूक होत नसे. दहा गाठींमागे एक पक्षी, आणि तोही साऱ्या हिवाळ्यात मिळून. एके काळी साठ गाठी पडत, तेव्हा सहा मारत. मग चाळीस झाल्या, चार मारले. एका वर्षी आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, तो धागा लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला बांधला आणि उरलेला कापून टाकला. मोजणी हरवली. साडूभाऊंनी त्या हिवाळ्यात एकही बार काढला नाही. भाकरीबरोबर लोणचं मात्र रोज मागून घेतलं, म्हणजे तो धागा आक्कांना रोज सोडावा लागे.

आणि मग ते बालाघाटचे पाहुणे आले. साडूभाऊंच्या मुलीला बाविसावं लागलं होतं, आधीची दोन स्थळं परत गेलेली. हे तिसरं तोलामोलाचं, पत्रिका जुळलेली, मुलगा मुलीला पसंत. मुलाचे वडील लाकडाचे ठेकेदार आणि शिकारीचे वेडे. त्यांची एकच हौस होती, भिवापूरच्या माळावर तितर मारायचे आणि मग सुपारी फोडायची. आक्कांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊजी, तुमच्या साडूभाऊच्या तोंडाले कुलूप लावा." मी होय म्हटलं. पण त्या वर्षी धाग्याला वीस गाठी होत्या, हे मला ठाऊक होतं.

पाहुण्यांनी सकाळी आठाच्या आत दोन पाडले. तिसऱ्यांदा थवा उठला तेव्हा साडूभाऊंना खोकला आला. चौथ्यांदा शिंक आली. पाचव्यांदा ते पाणी का आणलं नाही म्हणून माझ्यावर ओरडले, आणि पाण्याचा तांब्या तर त्यांच्याच हातात होता. पाहुण्यांनी बंदूक खाली केली.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"तुमचे दोन झाले जी."

"परवान्यात सहा आहेत."

"सरकार उदार आहे. माळ नाही. यंदा वीस नर बोलून राहिले, त्यातले दोन. माह्या वाट्याचेबी तुमालेच दिले. मी एकबी मारणार नाही."

"आणि मी तिसरा मारला तर?"

ज्या झुडपात थवा उतरला होता, त्याच्या बरोबर पुढ्यात जाऊन साडूभाऊ बसले आणि चंची काढून तंबाखू मळायला लागले.

"सोयरीक करायची आहे ना तुम्हाला?"

"करायची आहे जी. म्हणून तर दोन दिले. दुसऱ्याले मी माळ दाखवतबी नाही."

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले. आठवड्यानं पत्र आलं, की दुसऱ्या ज्योतिषाच्या मते पत्रिका जुळत नाही. आक्का महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत; पान वाढलं की तसं मागाला सांगायच्या. मुलगी दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी बापासमोर चहा ठेवून म्हणाली, "बाबा, त्या घरात 'आता पुरे' असं सासऱ्याले मलेच सांगा लागलं असतं." पुढच्या वर्षी उमरेडच्या एका शाळामास्तरांशी तिचं लग्न झालं. जावई अंडंसुद्धा खात नाही.

या हिवाळ्यात मी साडूभाऊंबरोबर माळावर गेलो. बंदूक त्यांनी आणली नव्हती. आता आणत नाहीत. अर्धा माळ नांगरून मिरचीखाली गेलाय, उरलेल्यावर जीपच्या चाकोऱ्या आणि कुणाकुणाची रिकामी काडतुसं. उजाडलं तेव्हा धाग्याला चार गाठी होत्या. मला स्वभावाप्रमाणे गप्प राहवेना. "साडूभाऊ," मी म्हटलं, "सोयरीक गेली, तितरंही चालली. तुम्हाला मिळालं काय?"

त्यांनी धाग्याच्या चारही गाठी अंगठ्यानं चाचपल्या.

"माह्या हातानं नाही गेले गा," ते म्हणाले. "एवढं मिळालं."

मी यावर काहीतरी चटकदार बोलणार होतो. तेवढ्यात नाल्यापलीकडून एक बारीक, नवा आवाज आला, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, सांगितल्याबरोबर, मी गप्प बसलो.