नटवलेला पाला

प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणत. निकाल वाईट आला की ती म्हणे, पुन्हा. चांगला आला की जरा जास्तच ठामपणे म्हणे, पुन्हा. तिच्या हाताखाली आलेली माणसं आधी वैतागत, आणि मग आपापल्या घरी आमटीतलं मीठही दोनदा चाखू लागत.

तिचं काम औषधी झाडांचे अर्क तपासण्याचं. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब सोडायचे. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. शरीराला आतून गंज चढवणाऱ्या गोष्टींना तो अर्क आवरू शकेल, एवढी आशा धरायला जागा होते. सुजेची चाचणी निराळी. अंड्याचा पांढरा भाग पातळ करून तापवायचा आणि अर्क घातलेली नळी किती कमी गढूळ होते ते पाहायचं; जितकी स्वच्छ, तितकी सूज उतरण्याची आशा.

त्या वर्षी नळ्यांत तिच्या माहेरून आलेला पाला होता. परसातल्या झुडपाच्या ज्या पाल्याचा लेप आई सुजलेल्या गुडघ्यांना लावी, त्याचं मलम करून विकायचं दादानं, तिच्या थोरल्या भावानं, मनावर घेतलं होतं. गिरणीतली नोकरी त्यानं त्यापायी सोडली. डब्या आणून ठेवल्या होत्या. त्यांवर काय छापायचं, ते बहिणीच्या निकालावर अडलं होतं.

पहिल्याच फेरीत जांभळा रंग असा पळाला की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला आली. साहेबांनी पाठ थोपटली. दादाला कळलं तेव्हा त्यानं फोनवरच आईला हाक मारून सांगितलं. ताई म्हणाली, पुन्हा.

सुट्टीत ती घरी गेली, स्वतःच्या हातानं पाला खुडून आणला, वाळवला, अर्क काढला. जांभळा रंग जेमतेम फिकटला. तिनं परत केलं. तेच. साहेब म्हणाले, तुझा पाला जून असेल, पहिला निकाल धर आणि पुढं चल. ती पुढं गेली नाही. दादानं पाठवलेल्या पाल्यातलं उरलेलं एक पान तिनं बोटांत चुरडलं, वास घेतला आणि थेट फोन लावला.

"दादा, पाल्याला काय लावलं होतंस?"

"काही नाही गं. लिंबू चोळलं थोडं. काळा पडतो ना. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांसमोर जायचा, बरा दिसायला नको?"

त्या द्रावणाचा जांभळा रंग नुसता लिंबाचा रसही पळवतो.

"पाला नटवून पाठवलास रे तू. ती शाबासकी लिंबाची होती."

"म्हणजे आईचं औषध खोटं?"

"औषधाचं मला अजून माहीत नाही. चाचणी खोटी होती. त्या निकालावर एक अक्षर छापायचं नाही."

दादानं फोन ठेवला. बरेच दिवस तो बोलला नाही. आईमार्फत निरोप आला, की बहिणीनंच पाय ओढले. ताईनं निरोप ऐकून घेतला आणि नळ्या धुवायला गेली.

मग एका सकाळी दादा प्रयोगशाळेच्या दारात उभा. हातात फडक्याचं गाठोडं, आत काळवंडलेला, मान टाकलेला पाला. "जसा आहे तसा आणलाय," म्हणाला. "साध्या पाण्यानं धुतलाय फक्त."

तो पाहत असतानाच तिनं चाचण्या लावल्या, आणि पुढेही लावत राहिली. जांभळा रंग जेमतेमच फिकटला. पण अंड्याची नळी दर वेळी बिनअर्काच्या नळीहून थोडी स्वच्छ राहिली. थोडीच, पण दर वेळी. ताईनं भावाला समोर बसवून सांगितलं, की नळी म्हणजे गुडघा नव्हे. पुढं तपासण्याजोगं काही आहे, छापण्याजोगं नाही.

दादा परत गिरणीत लागला. डब्या माळ्यावर गेल्या. पण झुडपाला तो रोज पाणी घालतो, आणि पाला खुडून पाठवतो, काळा पडला तर पडला. गाठोड्यावर चिकटवलेल्या कागदावर झाडाचं नाव असतं, आणि खाली त्याच्या जाड अक्षरात एक शब्द: पुन्हा.