राखण
आजार बरा झाला आणि माझी झोप गेली. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं तसंच. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, हे सगळं चालू होतं तेव्हा मला झोप लागायची. दवाखान्यात कुणी ना कुणी माझ्यावर नजर ठेवून असायचं. उपचार संपल्यावरच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "आता काही नाही, निर्धास्त राहा." आम्ही घाटनांदूरला परतलो, गल्लीत पेढे वाटले. आणि तेव्हापासून डोळा लागू लागला की छातीत धस्स व्हायचं आणि मी उठून बसायची. सगळे म्हणत, नशीबवान आहेस. मग झोप येत नाही हे रडगाणं कुणापुढे गायचं?

मंगळवारी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जायचा माझा नेम होता. तिच्यापुढेही लाज वाटायची. जीव मागितला, तो तिने दिला; आता वर झोपही मागायची? मनातून तिच्यावर रागही होता. वाचवलंस ते असं जागत बसायला का, असं वाटायचं. एका मंगळवारी मात्र तोंडातून निघूनच गेलं, "आई, एक डुलकी दे. बाकी काही नको." बाहेर आले, तर काहीच बदललं नव्हतं. डोळ्यांत तशीच आग होत होती.

ते दुष्काळाचं साल. दूध सोसायटीने गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती. आमच्या दोन म्हशी तिथेच होत्या आणि आमचे हे त्यांच्यापाशीच मुक्कामाला असायचे. देवळातून परतताना मी त्यांचा डबा घेऊन छावणीवर गेले. हे चारा आणायला गेले होते. शेजारच्या दावणीला गयाबाई होती. नांदूरघाटला दिलेली (नाव आमच्या गावासारखंच, पण गाव वेगळं), पण तिकडे चाऱ्याची सोय होईना म्हणून जनावरं घेऊन इथे माहेरी आलेली. आमची नुसती तोंडओळख होती.

"अक्का, डोळे लई लाल झालेत. कावून?"

"धूळ गेली असंल."

"धूळ तर मलाबी लागती की," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

काय झालं कोण जाणे, जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. मी झोपले आणि तेवढ्यात तो आजार परत आला तर? जागी असले तर निदान कळेल तरी. बोलल्यावर माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. पण गयाबाई हसली नाही. तिने उपदेशही केला नाही. कडब्याच्या पेंढ्यांवर पोतं अंथरत म्हणाली, "मंग तुमी पडा हितं. मी बसते जागी. काय आलंच तर उठवते."

तिचं मन मोडायला नको म्हणून मी आडवी झाले. म्हशी रवंथ करत होत्या. ती पदराने माझ्या तोंडावरच्या माशा वारत होती. मध्येच दचकून डोळे उघडले, तर ती म्हणाली, "हाय, मी हितंच हाय." मी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि धारा काढायची वेळ झाली होती. गयाबाई जागची हलली नव्हती. माझ्या पायाशी हे न उघडलेला डबा घेऊन बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं असावं. "मला कावून न्हाई सांगितलं?" एवढंच हे म्हणाले. मला रडू आलं. मग आम्ही गार झालेल्या भाकरी खाल्ल्या.

निघताना मी गयाबाईचे हात धरून म्हणाले, "देवीच बसली होती माझ्यापाशी."

"मला देवी करू नका, अक्का," ती उठत म्हणाली. "मला अजून शेण काढायचंय."

पुढच्या तपासणीला ह्यांनीच डॉक्टरांपुढे विषय काढला. डॉक्टर म्हणाले, उपचार संपल्यावर असं पुष्कळांना होतं, आधी सांगायला हवं होतं. मन मोकळं करायला त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, झोपेचे काही नेम लावून दिले. मी ते मनापासून पाळते. गयाबाईला देवीने पाठवलं की ती आपली आपण आली, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मागितलं होतं ते मिळालं, एवढं मला ठाऊक आहे.

पाऊस झाला, छावणी उठली, गयाबाई जनावरं घेऊन सासरी गेली. तपासणी जवळ आली की अजूनही एखादी रात्र बिनझोपेची जाते. पण आता मी उठून बसत नाही. माझा जीव माझ्या जागण्यावर टिकला आहे, असं मी धरून चालले होते. ऑपरेशनच्या टेबलावर मला शुद्धही नव्हती, तेव्हाही तो कुणीतरी सांभाळलाच होता. म्हणून आता दिवा मालवते, हात जोडते, आणि राखणीचं काम जिचं, त्या देवीवर ते सोपवून कुशीवर वळते.